उसनी आज्ञावली आणि आपला पाऊस

बेंगळुरूच्या जुन्या विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोडिहळ्ळी नावाची वस्ती आहे. तेथील राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळा १९५९ साली दिल्लीत स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी बेंगळुरूला आली. विमानाच्या पंखांवरून हवा कशी वाहते, कोठे ती सुरळीत असते, कोठे तिच्यात भोवरे उठतात, याचा अभ्यास करणे हे तिचे नेमून दिलेले काम. या प्रयोगशाळेने १९८६ साली एक संगणक बांधला, आणि पुढे काही वर्षांतच त्या संगणकाच्या वंशजांवर मोसमी पावसाचे गणित होऊ लागले. विमानांच्या घरी पाऊस कसा आला, ही हकीकत मनोरंजक तर आहेच. परंतु संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्या प्रत्येकापुढे रोज उभ्या राहणाऱ्या एका प्रश्नाचे उत्तरही तीत बऱ्याच अंशी सापडते. जे काम कोणीतरी आधीच करून ठेवले आहे ते तसेच उचलावे, की आपल्या हाताने नव्याने करावे? उचलणाऱ्यावर ‘आयत्या बिळावर नागोबा’ असा ठपका येतो; सारे स्वतःच करू पाहणाऱ्याचे आयुष्य पायाच्या दगडांतच संपून जाते.

हा प्रश्न संगणकाइतकाच जुना आहे. केंब्रिज विद्यापीठातील ‘एडसॅक’ हा संगणक १९४९ च्या मे महिन्यात चालू झाला. त्याचे कर्ते मॉरिस विल्क्स यांच्या थोड्याच दिवसांत असे ध्यानात आले, की आज्ञावली लिहिण्यापेक्षा तिच्यातील चुका शोधण्यातच माणसाचे पुष्कळसे आयुष्य जाणार आहे. मग वर्गमूळ काढणे किंवा अंक छापणे यांसारखी नित्याची कामे एकदाच नीट लिहून, तपासून, कागदी फितीवर टोचून जपून ठेवण्याची प्रथा तेथे पडली. ज्याला गरज लागेल त्याने ती फीत घ्यावी आणि आपल्या आज्ञावलीत जोडावी. अशा तुकड्यात शिरून काम होताच मूळ जागी परत येण्याची युक्ती डेव्हिड व्हीलर यांनी काढली. विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी १९५१ साली यावर पुस्तकच लिहिले. उसनवारीची ही पद्धत आळसातून निघालेली नव्हे. चुकांच्या भयातून निघालेली होय, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. दहा जणांनी वापरलेल्या फितीत चूक राहण्याचा संभव कमी, एवढाच तिच्यामागचा हिशेब होता.

हवामानाचे गणित तर संगणकाच्याही आधीचे. लुईस फ्राय रिचर्डसन हे इंग्रज शास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवीत असत. फावल्या वेळात त्यांनी २० मे १९१० या दिवसाचे युरोपातील हवामान निव्वळ आकडेमोडीने काढून पाहिले. सहा तासांचा अंदाज काढायला सहा आठवडे लागले, आणि उत्तर आले ते असे, की हवेचा दाब सहा तासांत १४५ मिलिबारने चढेल! प्रत्यक्षात तो जवळजवळ हललाच नव्हता. तरीही १९२२ साली त्यांनी हे सारे गणित, चुकलेल्या उत्तरासह, प्रसिद्ध केले. त्याच पुस्तकात त्यांनी एक कल्पनाचित्र रंगविले आहे. एका प्रचंड गोल सभागृहात ६४,००० गणक बसलेले आहेत, प्रत्येकाकडे पृथ्वीचा एकेक तुकडा आहे, प्रत्येक जण आपले उत्तर शेजाऱ्याला दाखवीत आहे, आणि मध्यभागी उंच उभा असलेला एक सूत्रधार सर्वांना एका लयीत ठेवीत आहे. आज ज्याला समांतर संगणक म्हणतात त्याचे याहून चांगले वर्णन सापडणे कठीण. पुढे १९५० साली अमेरिकेत ‘एनिअ‍ॅक’ या यंत्रावर चोवीस तासांचा अंदाज निघाला. त्याला वेळही सुमारे चोवीस तासच लागला.

भारताला अशा यंत्राची निकड केवढी, हे मराठी माणसाला सांगणे नको. मृगाचा पाऊस आठ दिवस पुढे गेला की घराघरांतील हिशेब बदलतो. १९८० नंतरच्या दशकात भारत सरकारने अमेरिकेकडे ‘क्रे’ कंपनीच्या महासंगणकांची मागणी केली. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेलाही असे यंत्र हवे होते. दीर्घ वाटाघाटींनंतर मिळाले ते एकाच प्रोसेसरचे ‘एक्स-एम-पी १४’ हे प्रतिमान, तेही केवळ हवामानाच्या कामासाठी आणि कडक अटींवर. १९८८ साली स्थापन झालेल्या, दिल्लीतील राष्ट्रीय मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्रात ते बसले. बेंगळुरूला काहीच आले नाही. अणुचाचणी आणि अस्त्रे यांच्या गणितालाही हीच यंत्रे लागतात, हे अमेरिकेच्या नकाराचे कारण होते.

इकडे कोडिहळ्ळीत रोद्दम नरसिंह हे १९८४ पासून प्रयोगशाळेचे संचालक होते. द्रवगतिशास्त्र हा त्यांचा विषय. सतीश धवन यांचे ते शिष्य. त्यांच्या प्रोत्साहनाने आणि यू. एन. सिन्हा यांच्या नेतृत्वाखाली एका लहान गटाने १९८६ साली संगणक बांधायला घेतला आणि वर्षअखेरीपर्यंत तो चालवूनही दाखविला. त्याचे नाव ‘फ्लोसॉल्व्हर’, म्हणजे प्रवाहाचे गणित सोडविणारा. या गटाने स्वतः काय केले आणि काय केले नाही, हे पाहण्याजोगे आहे. प्रोसेसर त्यांनी केला नाही. इंटेल कंपनीचे ८०८६ हे प्रोसेसर आणि अपूर्णांकांच्या गणितासाठी त्यांचे जोडीदार ८०८७ हे त्या काळी बाजारात सहज मिळत. तेच मोजके विकत आणून त्यांनी एका चौकटीत बसविले. एकेकटा प्रोसेसर क्रे यंत्रापुढे अगदीच किरकोळ. पण अनेकांनी एकाच वेळी एकाच गणिताला हात लावला तर? त्यांनी एकमेकांशी बोलावे कसे, कोणी कोणासाठी किती वेळ थांबावे, आणि गणिताची वाटणी अशी कशी करावी की बोलण्यातच सारा वेळ जाणार नाही, एवढाच भाग त्यांनी आपला मानला. तो भाग कोठेही विकत मिळत नव्हता.

पुण्यात १९८८ साली प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे ‘सी-डॅक’, सुरू झाले, तेथेही हीच वाट धरली गेली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा या गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर त्याचे प्रमुख होते. १९९१ साली तयार झालेल्या ‘परम ८०००’ या संगणकात ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीचे ‘ट्रान्सप्यूटर’ होते. शेजाऱ्याशी बोलण्याची सोय त्या प्रोसेसरच्या अंगातच होती, म्हणून निवड मोठी सोयीची. परंतु उसनवारीची दुसरी बाजू लवकरच दिसली. इन्मॉस परक्या मालकीत गेली, तिचा पुढचा प्रोसेसर रेंगाळला आणि अखेर बारगळला. ‘परम’च्या पुढच्या पिढीला वेगळ्याच जातीचे प्रोसेसर घ्यावे लागले. बेंगळुरूला हा अनुभव नवा नव्हता. जर्मन अभिकल्पक कुर्ट टांक यांनी हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये रचलेले ‘मरुत’ हे लढाऊ विमान १७ जून १९६१ रोजी उडाले. ब्रिटनच्या ‘ऑर्फियस’ इंजिनाचा अधिक जोरकस प्रकार मिळेल, असे धरून त्याची रचना केलेली होती. ब्रिटनने तो प्रकार सोडून दिला, आणि उत्तम बांध्याचे ते विमान दुबळ्या इंजिनावर आयुष्य काढीत राहिले. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्याने ती ओंजळ किती दिवस टिकेल, याचा विचार आधीच केलेला बरा. सिन्हांच्या गटाने तो केला असावा असे दिसते. कारण फ्लोसॉल्व्हरच्या एकामागून एक आवृत्त्या निघाल्या, प्रोसेसर बदलत जाऊन पुढे पेंटियमपर्यंत आले, पण जोडणीची मूळ कल्पना त्यांच्यापाशीच राहिली.

आता पावसाकडे. विमानाच्या पंखाभोवतीची हवा आणि पृथ्वीभोवतीची हवा या दोहोंना नियम एकच लागू. म्हणून हवामानाचे गणित फ्लोसॉल्व्हरवर चालवून पाहावे, असे ठरले. ते गणित दिल्लीत क्रे यंत्रावर रोज चालतच होते. त्याची आज्ञावली मुळात अमेरिकेच्या हवामान खात्याची. ‘टी-८०’ हे तिचे नाव. पृथ्वीवरील वारा, दाब, उष्णता यांचा कोणताही नकाशा अनेक लहानमोठ्या लाटांच्या बेरजेने मांडता येतो, जसा सतारीचा एक स्वर अनेक शुद्ध स्वरांच्या मेळातून बनतो. टी-८० मध्ये पृथ्वीभोवती ८० पर्यंत लाटा धरलेल्या होत्या. पृथ्वीवर १२८ अक्षवृत्ते, प्रत्येकावर २५६ ठिकाणे, आणि त्यांच्यावर हवेचे १८ थर. म्हणजे सुमारे ५ लाख ९० हजार ठिकाणांचे गणित काही मिनिटांच्या पावलांनी पुढे न्यायचे.

दुसऱ्याने लिहिलेली मोठी आज्ञावली वाचणे हे जुन्या कचेरीतील दफ्तर वाचण्यासारखे असते. कोणता शेरा कोणत्या प्रसंगाने पडला, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. आणि तो तर बदलून गेलेला असतो. टी-८० एकाच बलाढ्य प्रोसेसरसाठी बेतलेली होती. ती अनेकांत वाटायची तर अक्षवृत्ते वाटून द्यावीत, हे सरळच. अडचण पुढे आहे. प्रत्येक पावलाला सर्व अक्षवृत्तांवरील उत्तरांची बेरीज करून लाटा पुन्हा मोजाव्या लागतात, आणि तेथे प्रत्येक प्रोसेसरला इतर सर्वांचे उत्तर हवे असते. रिचर्डसनच्या सभागृहात शेजाऱ्याला पाटी दाखवून भागत होते. येथे सभागृहातील प्रत्येकाला प्रत्येकाची पाटी पाहायची आहे. काम करणारे वाढवावेत तो बोलणे वाढते आणि वेग मंदावतो. यावर पुढे या गटाने काढलेला उपाय खास त्यांचा होता. संदेश नुसते इकडून तिकडे पोचविणारे यंत्र न घेता त्यांनी वाटेतच बेरीज करीत जाणारे यंत्र बनविले. त्याला त्यांनी ‘फ्लोस्विच’ म्हटले. टपाल्याने पत्रे पोचविता पोचविता त्यांतील हिशेबही जुळवून द्यावा, तसा हा प्रकार. बाजारात हे मिळाले नसते, कारण नेमकी हीच अडचण दुसऱ्या कोणाला इतकी बोचत नव्हती.

आणखी एक सूक्ष्म अडचण होती. संगणक अपूर्णांक ठराविक अंकांपर्यंतच ठेवतो. त्यामुळे तीच बेरीज वेगळ्या क्रमाने केली की शेवटचा अंक किंचित बदलतो. बँकेच्या खात्यात याने बिघडत नाही, हवामानात बिघडते. अमेरिकेतील एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६१ साली एक गणित मध्येच थांबवून पुन्हा सुरू करताना ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ लिहिले, आणि थोड्याच वेळात दोन्ही उत्तरांचा परस्परांशी संबंध उरला नाही. मग दिल्लीचे उत्तर आणि बेंगळुरूचे उत्तर काही दिवसांनी वेगळे आले, तर आज्ञावली उतरवून घेताना चूक झाली म्हणायचे, की हा हवेचाच स्वभाव म्हणायचा? याचा निवाडा करण्यासाठी आज्ञावली नुसती चालवून भागत नाही, ती समजावी लागते. उसनी वस्तू समजून घेतल्याशिवाय ती खरी आपल्या हाती येत नाही, आणि समजून घेण्याचे कष्ट नव्याने लिहिण्याच्या कष्टांहून फार कमी नसतात. १९९४ साली ‘करंट सायन्स’ या बेंगळुरूहून निघणाऱ्या नियतकालिकात समांतर संगणकावरील मोसमी पावसाच्या अंदाजाविषयी एक निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत सिन्हा आणि त्यांचे सहकारी होते, दिल्लीच्या केंद्राचे शास्त्रज्ञ होते, आणि भारतीय विज्ञान संस्थेच्या सुलोचना गाडगीळ होत्या.

पुण्यात १९४४ साली जन्मलेल्या सुलोचनाबाईंनी हार्वर्ड विद्यापीठाची पदवी घेतली आणि आयुष्यभराचे काम बेंगळुरूत केले. मोसमी पाऊस म्हणजे जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातील फरकाने वाहणारा एक मोठा खारा वारा, ही कल्पना एडमंड हॅली यांनी १६८६ साली मांडली होती आणि शाळेच्या पुस्तकांतून ती आजही भेटते. १९८० साली सुलोचनाबाई आणि डी. आर. सिक्का यांनी उपग्रहांनी घेतलेली रोजची ढगांची चित्रे लावून पाहिली. विषुववृत्ताजवळ ढगांचा एक पट्टा उठतो, तो उत्तरेकडे सरकत जमिनीवर येतो, विरतो, पुन्हा दुसरा उठतो, असे त्यांना दिसले. मोसमी पाऊस म्हणजे उष्ण कटिबंधातील ढगांच्या पट्ट्याचे ऋतूप्रमाणे होणारे स्थलांतर, हे मत त्यातून दृढ झाले. चित्रे परक्या उपग्रहांची होती आणि ती पाहण्यास कोणालाही मज्जाव नव्हता. प्रश्न मात्र येथला होता.

असाच एक येथला प्रश्न टी-८० च्या पोटात दडलेला होता. जमिनीवरून हवेत किती उष्णता जाते, हे काढण्याचे प्रचलित सूत्र असे: वाऱ्याचा वेग, जमीन व हवा यांच्या तापमानांतील फरक आणि एक गुणांक यांचा गुणाकार. वाऱ्याच्या देशात हे सूत्र ठीक चालते. पण वैशाखातील भर दुपार डोळ्यांपुढे आणावी. पान हलत नाही, जमीन भाजून निघते आहे. वाऱ्याचा वेग शून्य, म्हणून सूत्राप्रमाणे उष्णताही शून्य! प्रत्यक्षात त्याच वेळी तापलेल्या जमिनीवरून हवेचे लोट सरळ वर चढत असतात. बाहेरच्या आज्ञावल्यांत यावर डागडुजी असे. वारा अमुक वेगाखाली धरायचाच नाही, अशी काही तोड काढलेली असे. १९९० साली भारतीय संस्थांनी मिळून मोसमी पावसाच्या द्रोणीखालील हवेच्या सर्वांत खालच्या थराचे मोजमाप केले. जोधपूर येथे मनोरा उभारून वारा आणि उष्णता यांच्या नोंदी घेतल्या. त्या नोंदींवरून के. जी. राव आणि नरसिंह यांनी दाखविले, की वारा मंद असताना उष्णतेचा प्रवाह वाऱ्यावर अवलंबून राहतच नाही, तो तापमानाच्या फरकाने ठरतो; आणि जमिनीचे घर्षण वाऱ्याच्या वर्गाच्या प्रमाणात न वाढता सरळ वेगाच्याच प्रमाणात वाढते. हा निबंध पूर्ण रूपात २००६ साली प्रसिद्ध झाला. त्याला लागलेला काळ पाहून कोणी हसेल, पण बारकाईच्या कामाला इतका काळ लागतोच.

दरम्यान प्रयोगशाळेच्या गटाने टी-८० नव्याने लिहून काढली होती. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या एका योजनेतून हे काम झाले. तिला त्यांनी ‘वर्षा’ हे नाव दिले. तिचे मूळ टी-८० मध्येच होते. लाटांचे गणित तेच होते. परंतु भाषा फोर्ट्रानच्या नव्या रूपातली, मांडणी समांतर संगणकाला साजेशी, आणि जमिनीलगतच्या हवेचे व उष्णतेच्या प्रारणाचे भाग येथल्या संशोधनातून आलेले. लाटांच्या गणितात जगापेक्षा वेगळे करण्यासारखे काही नव्हते, म्हणून ते बदलले नाही. निवांत, तापलेल्या दुपारचे गणित जगाने केलेले नव्हते, म्हणून ते केले. या विभागणीत या गटाचा विवेक दिसतो. नुसता स्वावलंबनाचा हट्ट असता तर तो लाटांपासूनच सुरू झाला असता.

तरीही ‘वर्षा’ राष्ट्राची रोजची आज्ञावली झाली नाही. २०१२ साली केंद्र सरकारने ‘मान्सून मिशन’ सुरू केले तेव्हा पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने पायाभूत म्हणून अमेरिकेचेच ‘सी-एफ-एस’ हे प्रतिमान घेतले. यात कोणाला उपेक्षा दिसेल. परंतु ऋतूचा अंदाज काढायचा तर हवेबरोबर समुद्रही लागतो, बर्फ लागतो, माती लागते. एवढे सारे सांभाळणारी माणसे शेकड्यांनी लागतात, आणि ती कोडिहळ्ळीच्या एका गटापाशी कधीच नव्हती. निवड व्यवहाराला धरून झाली. खंत करायची तर ती याची, की येथे सापडलेली उत्तरे परक्या प्रतिमानात बसविण्याचे काम नेहमीच संथ चालले. प्रतिमान ज्यांचे, त्यांच्या नव्या आवृत्त्या सारख्या येत राहतात, आणि प्रत्येक आवृत्तीत आपला तुकडा पुन्हा शिवावा लागतो.

अंदाज हाती आल्यावरही त्याचा उपयोग काय, हा प्रश्न उरतोच, आणि सुलोचनाबाईंनी तो थेट शेतकऱ्यांनाच विचारला. आंध्रातील अनंतपूर आणि त्याला लागून असलेला कर्नाटकातील पावगडचा भाग हा कोरडवाहू भुईमुगाचा. पाऊस सरासरीच्या किती टक्के पडेल, हे ऐकून तेथील शेतकऱ्याला काही करता येत नव्हते. पेरणी केव्हा करावी आणि कोणत्या आठवड्यात केल्यास पीक हातचे जाण्याचा धोका कमी, हे त्याला हवे होते. भुईमुगाच्या वाढीचे एक अमेरिकन प्रतिमान तयार होते. त्यात त्या भागातील अनेक वर्षांच्या पावसाच्या रोजच्या नोंदी घालून, पेरणीची तारीख पुढेमागे करून उत्पन्नाचा हिशेब मांडता आला. रोप कसे वाढते, ते तेथेही तसेच आणि येथेही तसेच. तारीख मात्र अनंतपूरची काढायची होती.

टी-८० च्या एका चौकटीची लांबीरुंदी सुमारे दीडशे किलोमीटर होती. तेवढ्या चौकटीत महाबळेश्वर आणि दहिवडी दोन्ही मावतात. एके ठिकाणी पावसाची झड महिनोन्‌महिने, दुसरीकडे प्यायच्या पाण्याची चिंता, आणि गणिताला दोन्ही सारखीच. २६ मे २०२५ रोजी पाषाणच्या संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ राष्ट्राच्या कामाला लागली. तिची चौकट सहा किलोमीटरची आहे. तिचेही मूळ अमेरिकन प्रतिमानातच आहे. चौकटींची मांडणी मात्र पाषाणच्या शास्त्रज्ञांनी बदलून घेतली. आता सह्याद्रीचा माथा आणि माणदेशाचे माळ तिला वेगवेगळे दिसतात. परंतु वळवाचा एखादा ढग सहा किलोमीटरांहूनही लहान असतो. त्याच्या पोटात काय चालते हे सूत्रानेच धरावे लागते, आणि ते सूत्र कोठले घ्यावे, यावर पाषाणला आणि बेंगळुरूला अजून काम चालू आहे.